किती देते? केवढ्याला देता?

निवृत्त प्राथमिक शिक्षकाला गावात दोन प्रश्नांची सवय असावी लागते. एक, 'काय गुरुजी, कुठं निघालात?' आणि दुसरा, 'पेन्शन किती बसली?' ह्या दोन्हींची उत्तरं मला झोपेतसुद्धा देता येतात; नव्हे, एकदा दिलीही होती असं आमची ही सांगते. पण ज्याच्या पडवीत ऐंशी वर्षांची विलायती फटफटी उभी आहे, त्याच्या कपाळी सटवाईनं आणखी दोन प्रश्न लिहिलेले असतात. पहिला, 'किती देते?' दुसरा, 'केवढ्याला देता?'

पहिल्याचा मला राग येत नाही. दुसऱ्याचा येतो. हा लेख त्या रागात लिहिलेला आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणाला जुन्या गाड्या पुसून-पासून, दिवा लावून, दोरी बांधून दिवाणखान्यात ठेवण्याची हौस असेल, तर त्यांनी हा लेख सोडून खुशाल पुढच्या लेखाकडं वळावं. मागाहून पत्र पाठवू नये. पोस्टमन माझा विद्यार्थी आहे. तो ते आधी वाचतो आणि मग चौकात सांगतो.

गाडी बीएसए. पूर्ण नाव 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. म्हणजे १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक करणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. बंदुकांवरून हे लोक सायकलींवर आले आणि सायकलींवरून फटफटीवर. कंपनीच्या चिन्हात आजतागायत तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या आहेत. मात्र आमच्या पाटणात बीएसए म्हटलं की लोकांना सायकलच आठवते. बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून मला विचारलं होतं, "मास्तर, सायकल झ्याक हाय, पर तिला हे इंजान कुनी बशिवलं?"

तर ती एम-२०, पाचशे सीसी, एकच सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या झाल्या. तेव्हा जगाच्या हिशेबानं ही काही कोहिनूर नव्हे. पण पाटणात ती एकच आहे, आणि जे पाटणात एक ते जगात एक, असा कोयना-केरेच्या संगमावर पूर्वापार चालत आलेला हिशेब आहे.

आमचे अण्णा कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. १९५६ साली धरणाचं काम सुरू झालं आणि त्याच सुमारास पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडं मिलिटरी डिस्पोजलच्या मालात त्यांना ही गाडी मिळाली. अण्णांनी ती हौसेनं घेतली असं कुणी समजू नये. अण्णांना हौस हा शब्दच ठाऊक नव्हता. साइटवर वेळेला पोचवील अशी एस.टी. नव्हती, घोडा परवडत नव्हता आणि बाहेरून नव्या गाड्या येणं जवळजवळ बंद झालं होतं. साडेसातशे रुपयांत जे मिळालं ते त्यांनी आणलं. पुण्याहून पाटणला येताना गाडी खंबाटकी घाटात तापून बंद पडली. अण्णांनी सोबतची भाकरी खाल्ली, तोवर ती निवली, आणि मग दोघंही पुढं निघाली. त्यांच्या उभ्या संसाराचं वर्णन ह्याच वाक्यात आटोपतं.

आता गाडीच्या स्वभावाविषयी. हिचा गियर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली. जुन्या बुलेटवाल्यांना ह्यात नवल नाही, पण हल्लीच्या पोरांना त्याची कल्पना नसते. माझ्या पुतण्यानं एकदा 'काका, एक चक्कर' म्हणून नेली. नव्या रस्त्याच्या वळणावर त्यानं सवयीनं उजवा पाय दाबला. ब्रेक लागायच्या ऐवजी गियर बदलला आणि तो गाडीसकट रसवंतीगृहात शिरला. पोरगा धीराचा. त्यानं गाडीवर बसूनच एक फुल ग्लास मागितला आणि आपण त्यासाठीच आत आलो असं भासवलं.

मागच्या चाकाला शॉक-ॲब्सॉर्बर नाही. धक्के शोषून घेण्याचं काम कंपनीनं बसणाऱ्याच्या मणक्याकडं सोपवलेलं आहे. तेल गळतं. कुठून गळतं हे विचारू नये. कुठून गळत नाही ते विचारावं, म्हणजे उत्तर लवकर देता येईल. पडवीत तिच्याखाली एक जुनी परात असते. ती परात मुळात पिठाची होती आणि त्यावरून १९९१ साली आमच्या घरात जे झालं ते मी इथं लिहिणार नाही. "गाडी आहे की देवघरातली समई?" एवढंच हिचं त्यावेळचं एक वाक्य सांगतो, "रोज तेल घाला आणि रोज पुसा!"

आणि ही गाडी सुरू करणं हा तर सतरावा संस्कार आहे. पेट्रोलचा नळ उघडायचा. कार्ब्युरेटरवरचं बटण दाबून पेट्रोल बोटांवर ओघळेपर्यंत थांबायचं. हँडलवरची ठिणगीची दांडी मागं घ्यायची. दुसरी एक दांडी दाबून आतली हवा सोडायची, दट्ट्या बरोबर जागेवर आणायचा, आणि मग देवाचं नाव घेऊन अंगातलं सगळं वजन उजव्या पायावर द्यायचं. ह्यातली ठिणगीची दांडी विसरलात तर किक उलटी येते. माझ्या उजव्या नडगीवर चार खुणा आहेत. त्यातली एक माझ्या लग्नाच्या दिवसाची आहे. लग्नातल्या फोटोत मी जो गंभीर दिसतो, त्याचा आमच्या सासुरवाडीनं आजवर भलताच अर्थ लावला आहे.

तर 'किती देते?' हा प्रश्न. तो पेट्रोलपंपावर, चहाच्या टपरीवर, एकदा तर स्मशानभूमीच्या दारात विचारला गेलेला आहे. लिटरला पंचवीस किलोमीटर, उतार असेल तर. हे उत्तर ऐकून विचारणारा 'अरेरे' असा चेहरा करतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि आपली स्कूटर पन्नास देते असं सांगून निघून जातो. ह्या प्रश्नात मला आपुलकी दिसते. विचारणाऱ्यानं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की गाडी आहे म्हणजे ती चालते आणि चालते म्हणजे पेट्रोल पिते. बैलाला चारा किती लागतो, म्हशीला पेंड किती, तसंच हे. जिवंत जनावराविषयीचा प्रश्न आहे तो.

अलीकडं त्या चाऱ्याचाही वांधा झालाय. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. हे इथेनॉल होतं उसापासून, आणि ऊस तर आमच्या नदीकाठानं सगळीकडं उभा. हिच्या पेट्रोलच्या नळात मूळचं बुचाचं भेंड होतं. ऐंशी वर्षं टिकलेलं ते भेंड दीड वर्षात आक्रसलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी गंज धरतो तो वेगळाच. देशाचं परकीय चलन वाचतंय, शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळतंय, मी विरोध कसा करणार? माझाही सव्वा एकर ऊस आहे. म्हणजे माझ्याच उसानं माझ्याच गाडीचा नळ खाल्ला, आणि बिलही मलाच मिळालं. हे एका कीर्तनकाराला सांगितलं तर तो म्हणाला, "गुरुजी, ह्याच्यावर तासभर बोलता येईल."

आता दुसरा प्रश्न.

'केवढ्याला देता?' हा प्रश्न पूर्वी कुणी विचारत नसे. अण्णा निवृत्त झाले तेव्हा भंगारवाल्यानं वजनावर भाव केला होता. अण्णांनी त्याला ताक पाजून परत पाठवलं. पुढं वीस-पंचवीस वर्षं गाडीकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी शाळेवर तिच्यावरून जायचो तेव्हा लोक माझी कीव करत. गुरुजींना स्कूटर परवडत नाही म्हणत. आणि मग अचानक, जसं पिठलं-भाकरीचं झालं, तसं हिचं झालं. ज्या पिठल्याला पाहुण्यांपुढं वाढायची लाज वाटत होती, ते आता हायवेवर काशाच्या थाळीत मिळतं आणि माणूस फोटो काढूनच खातो.

हायवेवरच्या अशाच एका हॉटेलचे मालक गेल्या आषाढात माझ्याकडं आले. पांढरी विजार, पांढरा सदरा, बोटात तीन अंगठ्या. माणूस सज्जन. त्यांच्या हॉटेलात मी एकदा गेलो होतो. दारात बैलगाडीचं चाक भिंतीला ठोकलंय. जात्यावर काच टाकून टेबल केलंय. पाट्यावर हात धुवायचा साबण. कोपऱ्यात नांगर, आणि नांगराच्या फाळाला फेस येईपर्यंत पॉलिश. ज्या बाईनं ते जातं पहाटे चारला ओढलं असेल ती हे बघून रडेल की हसेल, मला ठाऊक नाही; पण तिला तिथलं जेवण परवडणार नाही हे नक्की. तर ह्या मालकांना माझी बीएसए हवी होती. दारात चौथरा करून, तिच्यावर फेटा बांधलेला एक फायबरचा माणूस बसवायचा आणि शेजारी पाटी लावायची, 'आजोबांची फटफटी'.

"पन मालक, आजोबा माझे," मी म्हणालो.

"त्याचं काय हाय गुरुजी, गिऱ्हाइकाला सगळेच आजोबा सारखे."

मी हो-ना काहीच म्हटलं नाही, पण ही बातमी पुण्याला गेलीच. तिथं माझा एक चुलतभाऊ आहे. त्याचा दुसऱ्या दिवशी फोन. "दादा, हॉटेलवाल्याला कसली देतोस? ती हेरिटेज आहे. मी तुला खरा कदरदान दाखवतो." आणि त्यानं मला कोथरूडपलीकडल्या एका बंगल्यात नेलं. तळघरात अकरा मोटारसायकली. नॉर्टन, मॅचलेस, एरियल, ट्रायम्फ. बघून माझे हात आपोआप जोडले गेले. अशी झळाळी मी सराफाच्या दुकानात पाहिली नव्हती. मी वाकून प्रत्येकीच्या खाली पाहिलं. फरशीवर तेलाचा एक थेंब नाही.

"तेल गळत नाही?" मी चकित होऊन विचारलं.

"तेल घालतच नाही ना," यजमान अभिमानानं म्हणाले. "पेट्रोलही नाही. फरशी इटालियन आहे."

पोटात तेल नाही, टाकीत पेट्रोल नाही, चाकं जमिनीवरून दोन बोटं उचललेली. अकरा गाड्या, आणि एकीच्याही सायलेन्सरला हात लावला तर पोळत नव्हता. मला एकदम त्या थंडगार खोलीत कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखं वाटलं. चहा आला, तो मी घेतला, पण घशाखाली उतरेना.

आता न्यायाचं बोलायचं तर ह्या मंडळींनी कितीतरी गाड्या भंगारवाल्याच्या घणाखालून सोडवल्या आहेत. ते मला नाकारता येत नाही, आणि नाकारता येत नाही म्हणूनच जास्त राग येतो. फाशीच्या कैद्याला सोडवून आणायचं आणि मग त्याला पेंढा भरून दिवाणखान्यात उभं करायचं, ह्याला सुटका म्हणायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण व्यक्तींना दोष देण्यात अर्थ नाही. सरकारचंही म्हणणं तेच आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा मोटार, मूळ रूपात राखलेली, सांगाड्यात नि इंजिनात मोठा फेरफार न केलेली असेल तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. नोंदणी दहा वर्षं चालते. नव्यानं नोंदणाऱ्याला 'व्हीए' अशी अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो, आधीपासूनचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. इथवर मी खुशीत वाचत आलो. 'बघ, सरकारला कदर आहे,' असं हिला मोठ्यानं म्हणालोसुद्धा. पण पुढचं कलम आलं. अशी गाडी रस्त्यावर काढायची ती प्रदर्शनाला, संशोधनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला, नाहीतर पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही.

म्हणजे कसं, पेट्रोल भरायला जाता येईल, पण भरलेलं पेट्रोल जाळायला कुठं जाता येणार नाही. दुरुस्तीला नेता येईल, पण बिघडण्याची संधी मिळणार नाही. मी मिरच्या आणायला बाजारात गेलो तर गुन्हा. मिरच्यांचं प्रदर्शन भरलं तर गेलो तरी चालेल बहुधा.

आणि 'मूळ रूपात' ह्या दोन शब्दांची गंमत बघा. माझी गाडी सत्तर वर्षं रस्त्यावर आहे. तिचा एक व्हॉल्व्ह विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा, कराडच्या लेथवर घासून बसवलेला. दिवा बुलेटचा. घंटेसारखा वाजणारा मागचा मडगार्ड मल्हारपेठेच्या मिस्त्रींनी तेलाच्या पिंपातून कापून ठोकलेला. सीटचं कातडं आमच्या चांभारानं तीनदा बदललं. जी गाडी खरोखर वापरली गेली ती मूळ रूपात राहील कशी? आमच्यापैकी कोण मूळ रूपात राहिलंय? माझे दात बदललेत, डोळ्यांत भिंगं बसवलीत, आणि तरी निवृत्तिवेतन विभाग मी तोच आहे असं दरवर्षी हयातीच्या दाखल्यावर मान्य करतो. मूळ रूपात राहते ती फक्त न वापरलेली वस्तू. सत्यनारायणाला मिळालेला चांदीचा पेला राहतो तशी.

म्हणून मी व्हिंटेजच्या वाटेला गेलो नाही. साध्या नोंदणीचं नूतनीकरण केलं. त्यात पर्यावरण कराचे दोन हजार आले, तपासणी आली, आणि ती नवी सुरक्षित नंबरपाटी आली. पाटीसाठी एका संगणकाच्या दुकानात बसून अर्ज भरला. 'कंपनी निवडा' म्हणून जी यादी उघडली तिच्यात आमची बर्मिंगहॅमवाली कुठंच दिसेना. दुकानातला मुलगा म्हणाला, "सर, ही कंपनी बंद पडली का?" म्हटलं, बाळा, १९७३ साली. तो म्हणाला, "मग गाडी चालू कशी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाला मी दुकानात दिलं नाही, मागं रांग होती. इथं देतो. बुलेटचं बघा. १९५० च्या दशकात आपल्या लष्करानं सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला तिच्यासाठी कंपनी निघाली. मूळची इंग्लंडातली रॉयल एनफिल्ड १९७० च्या सुमाराला गाशा गुंडाळून मोकळी झाली. मद्रासची चालूच राहिली, आणि १९७७ साली तर मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जायला लागली! ही काय इंग्रजांनी काचेत जपली म्हणून जगली? आमच्या दूधवाल्यांनी तिला दोन्हीकडं कॅन लटकावले, फौजदारांनी वरात नेली, पाटलांनी चौथी सीट म्हणून टाकीवर पोरगं बसवलं, आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनी झाडाखाली गोणपाटावर तिचं पोट फाडून पुन्हा शिवलं, म्हणून जगली. बाकीच्यांची नावं तेवढी उरली, आणि तीही हल्ली आपल्याकडंच येतात. बीएसएचं नाव २०१६ साली महिंद्रांच्या गोटातल्या कंपनीनं घेतलं आणि नवी गाडी आपल्याकडं विकायला काढली ती २०२४ च्या पंधरा ऑगस्टला, बरोबर स्वातंत्र्यदिनी. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसनं घेतली. ट्रायम्फची चारशे सीसीची गाडी २०२३ पासून चाकणला होते. दादाभाई नौरोजींना हे कळतं तर त्यांनी संपत्तीच्या गळतीत एक लहानशी वजाबाकी केली असती.

माझी खरी काळजी ह्या कंपन्यांची नव्हे, मल्हारपेठेच्या मिस्त्रींची आहे. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. हिच्या नटांना मिलिमीटरचे पाने बसत नाहीत, साधे इंचीही बसत नाहीत. व्हिटवर्थ म्हणून निराळं इंग्रजी माप आहे, त्याचे पाने लागतात. तो संच मिस्त्रींकडं त्यांच्या उस्तादाकडून आला, फडक्यात गुंडाळलेला, जानवशासारखा. ठिणगीची वेळ ते पतंगाच्या कागदानं लावतात. दोन टोकांमध्ये पातळ कागद धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं, आणि ज्या क्षणी कागद अलगद सुटेल ती वेळ. हल्ली मिस्त्रींचा हात थरथरतो. कागद हाताच्या कापण्यानं सुटला की ठिणगीच्या वेळेनं, हे त्यांनाच कळत नाही. म्हणून कागद धरायला त्यांनी नातू बसवलाय. नातू लॅपटॉप लावून नव्या गाड्यांची इंजेक्शनं तपासतो, पण दोन महिन्यांतून एकदा माझी गाडी आली की आजोबा त्याला हाक मारतात. नातू कुरकुरत येतो. पण येतो. परवा त्यानं कागद सुटताना डोळे मिटून घेतले होते, आणि मिस्त्रींनी मला कोपरानं ढोसलं.

चौथऱ्यावरच्या गाडीला मिस्त्री लागत नाही, तिला फडकं लागतं. मी गाडी विकली तर मिस्त्रींचा नातू पुन्हा कधी डोळे मिटून कागद धरणार नाही. हे मी पुण्याच्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, "त्याचा व्हिडिओ काढून ठेवू."

खरं म्हणजे एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही, पण विषय निघालाच आहे. ११ डिसेंबर १९६७. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. पहाटे सव्वाचार वाजून गेले असतील, घर एकदम अंगावर आलं. आम्ही पोरं गोधड्यांसकट अंगणात. अंधार, थंडी, कुत्री गप्प झालेली आणि माणसं ओरडणारी. अण्णांना काय ते लगेच कळलं. ते आईला म्हणाले, "नगरला जातो." नगर म्हणजे कोयनानगर. तिथं त्यांची माणसं होती, कॉलनी होती, धरण होतं. पडवीचा खांब गाडीवर कलला होता, तो दोघा-तिघांनी उचलला. अण्णांनी किक मारली. गाडी लागेना. त्या अंधारात मी मोजत होतो, मला मोजायला नुकतंच यायला लागलं होतं. सात किका. सातवीला लागली. मागच्या सीटवर गल्लीतले कंपाउंडर, मांडीवर औषधाची पेटी. रस्त्याला भेगा, वर दरडी, दिवा असून नसल्यासारखा. वीस किलोमीटरला त्यांना अडीच तास लागले म्हणे. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. अण्णा चौथ्या दिवशी घरी आले, गाडीला पाणी मारलं आणि काही न बोलता झोपले.

त्या गाडीवर फायबरचा माणूस बसवायचा!

असो. राग राग म्हणतात तो हाच. खाली येतो. हिचे दोष मला नीट ठाऊक आहेत. हिचे ब्रेक हे ब्रेक नसून विनंतीअर्ज आहेत. मंजूर व्हायला वेळ लागतो. कराड-चिपळूण रस्त्यावर मालट्रकांच्या मध्ये हिला घालणं हे माझ्या वयाला शोभत नाही, तेव्हा मी पहाटे निघतो आणि ऊन चढायच्या आत परततो. तपासणीला माझा विरोध नाही, कराला नाही, हेल्मेटला तर नाहीच. आवाज मोठा आहे, पण एवढा नाही की म्हैस दूध चोरील. ते शेजारच्यांचं म्हणणं मला मान्य नाही. माझं मागणं एवढंच आहे, की चालणाऱ्या जुन्या गाडीला सरकारनं बाजारात जाऊ द्यावं आणि लोकांनी तिचा भाव विचारू नये. त्यांनी 'किती देते' एवढंच विचारावं.

हॉटेलचे मालक श्रावणात पुन्हा आले. ह्या वेळी पाकीट घेऊनच. पाकिटाची जाडी बघून आमची ही दोनदा चहा विचारून गेली. मी म्हणालो, "मालक, वस्तू घ्यायची तर पारखून घ्यावी. बसा मागं."

"आता? पावसात?"

"भुरभुर आहे नुसती."

म्हावशीवरून सडावाघापूरच्या पठाराकडं घाट चढायला लागलो. ढग खाली उतरले होते. हिनं दुसऱ्या गियरमध्ये जो धीरगंभीर ठेका धरला तो अण्णांच्या खडावांसारखा, एकाला एक. मालकांनी आधी सीटची दांडी धरली होती, पहिल्या खड्ड्यानंतर माझी कंबर धरली, आणि तिसऱ्या खड्ड्यानंतर विठ्ठलाचं नाव. वर पठारावर पवनचक्क्या धुक्यातून नुसत्या हात हलवत होत्या. कड्यापाशी थांबलो. तिथला तो धबधबा वाऱ्यानं उलटा वर उडतो, त्याचं पाणी दोघांच्या तोंडावर. मालकांच्या पांढऱ्या विजारीवर गुडघ्यापासून खाली काळ्या तेलाची नक्षी उमटलेली. अंगठ्यांची बोटं गारठून लाल. मला वाटलं आता शिव्या घालतो हा माणूस.

मालक गाडीकडं बघत उभे राहिले. तापलेल्या सिलिंडरवर पावसाचे थेंब पडून चर्र चर्र होत होतं. त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर लांबूनच धरले, शेकोटीवर धरावेत तसे.

"गुरुजी," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "किती देती वो ही?"